दमा आणि उतरता पारा: हिवाळ्याआधी करायची तयारी, टप्प्याटप्प्याने

दिवाळी उलटून पहिली थंडी पडली की दम्याच्या रुग्णांच्या घरी घडणाऱ्या गोष्टींचा क्रम बहुधा उलटा असतो. रात्रीच्या खोकल्याकडे ‘हवा बदलली आहे’ म्हणून आठवडाभर दुर्लक्ष होते, मग काढा होतो, वाफ घेतली जाते, दुकानातून खोकल्याच्या औषधाची बाटली येते आणि धाप लागून आडवे होणे अशक्य झाले की मागच्या वर्षीचा पंप कपाटात शोधला जातो. तो रिकामा किंवा मुदत संपलेला निघतो. ज्या औषधाचा पूर्ण परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, ते औषध त्यानंतर सुरू होते, म्हणजे थंडी अर्धी सरल्यावर. हा क्रम सरळ कसा करावा, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

दम्याचे निदान आधीच झालेले प्रौढ आणि दमा असलेल्या मुलांचे पालक यांच्यासाठी तो लिहिला आहे. नियमित औषध कोणते आणि किती घ्यावे हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. ते वेळेवर, योग्य पद्धतीने आणि योग्य क्रमाने घेतले जावे यासाठी घरी काय करायचे, ते येथे सांगितले आहे.

## तापमान नेमके काय करते

आपण कितीही थंड हवा आत घेतली तरी फुफ्फुसाच्या खोल भागात पोहोचेपर्यंत ती सुमारे ३७ अंश सेल्सिअसपर्यंत तापवली जाते आणि बाष्पाने पूर्ण भरली जाते. त्या अवस्थेत एक लिटर हवेत सुमारे ४४ मिलिग्रॅम पाणी असते. बाहेर १० अंश तापमान असेल, तर धुके पडलेले असतानाही एक लिटर हवेत जेमतेम ९ मिलिग्रॅम पाणी मावते. उरलेले ३५ मिलिग्रॅम आपले नाक, घसा आणि श्वासनलिका पुरवतात. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो आणि एवढे काम नाक सहज करते. धावताना किंवा टेकडी चढताना मात्र हेच प्रमाण साठ लिटरच्याही वर जाते, तोंड उघडते आणि पाणी पुरवण्याचा भार थेट श्वासनलिकांच्या अस्तरावर येतो.

अस्तरावरचा पातळ ओलावा आटला की त्यातील क्षारांचे प्रमाण वाढते आणि तेथील मास्ट पेशी (अ‍ॅलर्जीत भाग घेणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) हिस्टामिन व ल्युकोट्राईन ही द्रव्ये सोडतात. त्यामुळे नलिकेभोवतीचे स्नायू आवळतात, अस्तराला सूज येते आणि श्लेष्मा वाढतो. निरोगी माणसाच्या श्वासनलिका एवढ्याने सहसा आवळत नाहीत. ज्याच्या श्वासनलिकेत दाह आधीपासून धुमसत आहे, त्याची छाती मात्र काही मिनिटांत घट्ट होते. म्हणून थंडी पडण्यापूर्वी तो दाह शमवून ठेवणे हे खरे काम आहे. मफलर, गरम पाणी आणि बंद खिडक्या यांचे स्थान त्यानंतरचे.

महाराष्ट्राच्या अंतर्भागात आणखी एक अडचण आहे. डिसेंबरात पुण्यात किंवा नाशिकमध्ये दुपारी २८-२९ अंश असतात आणि पहाटे १०-१२ अंश, म्हणजे एका दिवसात सतरा-अठरा अंशांचा फरक पडतो. श्वासनलिका स्वभावतःच पहाटे चारच्या सुमारास सर्वांत अरुंद असतात, आणि पारा उतरण्याची वेळही साधारण तीच. शिवाय रात्री जमिनीलगतची थंड हवा वरच्या उबदार थराखाली अडकून राहते आणि शेकोटी, बंब, वाहने, पालापाचोळा यांचा धूर तिच्यातच कोंडतो. सकाळी सहाला फिरायला जाणारा माणूस ‘ताजी हवा’ म्हणून जी छातीत भरून घेतो, ती अनेकदा चोवीस तासांतली सर्वांत वाईट हवा असते.

## टप्पा १: नोंदवही आणि पीक फ्लो मीटर (सप्टेंबरअखेरपासून दोन आठवडे)

सुरुवात औषधाने करू नका, मोजमापाने करा. पीक फ्लो मीटर हे फुंकर मारून वापरायचे साधे प्लास्टिकचे उपकरण औषधांच्या दुकानात मिळते, आणि श्वासनलिका किती मोकळ्या आहेत ते दर मिनिटाला किती लिटर या मापात दाखवते. तुम्हाला बरे वाटत असतानाच्या काळात त्याचे आकडे घ्यायचे आहेत, कारण तुमचा स्वतःचा सर्वोत्तम आकडा ठाऊक नसेल तर थंडीतला आकडा कशाशी ताडून पाहणार?

१. काटा शून्यावर आणा आणि उभे राहा.
२. छाती भरून श्वास घ्या, उपकरणाची तोंडी ओठांत घट्ट धरा आणि एकदाच जोरात, झटक्यात फुंका.
३. असे तीन वेळा करा आणि तिन्हींतला सर्वांत मोठा आकडा लिहा. सरासरी काढू नका.
४. सकाळी उठल्यावर, औषध घेण्यापूर्वी आणि पुन्हा संध्याकाळी, असे दिवसातून दोनदा करा. मीटर प्रत्येक वेळी तेच असावे.
५. शेजारच्या रकान्यात त्या दिवसाचे किमान तापमान, रात्री खोकल्याने जाग आली का, आणि तात्पुरता आराम देणारा पंप किती वेळा लागला, हे लिहा.

दोन आठवड्यांत मिळालेला सर्वांत मोठा आकडा हा तुमचा आधार. समजा तो ४०० आहे. मग ३२० च्या वर म्हणजे ८० टक्क्यांहून अधिक असेल तर स्थिती ठीक. २०० ते ३२० च्या दरम्यान सावध राहून डॉक्टरांच्या लेखी आराखड्याप्रमाणे (पाहा टप्पा २) बदल करायचा. आणि २०० च्या खाली, म्हणजे निम्म्याहून कमी झाला तर ती तातडीची वेळ.

सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांतील फरकाकडे विशेष लक्ष द्या. संध्याकाळी ३९० आणि सकाळी ३१० असे येत असेल, तर ८० चा हा फरक दोघांच्या सरासरीच्या सुमारे २३ टक्के होतो. प्रौढांमध्ये या रोजच्या टक्केवारीची दोन आठवड्यांची सरासरी १० टक्क्यांच्या वर राहत असेल, तर ‘मला दिवसा काहीच त्रास नाही’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

नेहमीची चूक: गालांनी किंवा जिभेने थुंकल्यासारखी फुंकर मारणे. असा आकडा खोटा मोठा येतो. मुले हे हमखास करतात, म्हणून पहिले काही दिवस त्यांच्यासमोर उभे राहून पाहा.

तपासणी: गेल्या चार आठवड्यांत दिवसाचा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाला का? आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? दम्यामुळे रात्री एकदा तरी जाग आली का? दम्यामुळे एखादे काम टाळावे लागले का? यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असेल, तर दमा पूर्ण ताब्यात नाही असे समजून पुढचा टप्पा लांबवू नका.

## टप्पा २: थंडीपूर्वी डॉक्टरांची भेट (ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा)

दाह कमी करणारी श्वासावाटेची स्टिरॉइड औषधे, उदाहरणार्थ ब्युडेसोनाइड, बेक्लोमेथासोन किंवा फ्लुटिकासोन, पहिला फरक काही दिवसांत दाखवू लागतात. पण श्वासनलिकांची चिडखोर वृत्ती शांत व्हायला कित्येक आठवडे जातात. म्हणूनच भेट ऑक्टोबरात हवी. नोव्हेंबरच्या शेवटी सुरू केलेले औषध जानेवारीत कामाला येते, आणि तोवर निफाडच्या पाऱ्याच्या बातम्या येऊन गेलेल्या असतात.

भेटीला जाताना नोंदवही, सर्व पंप आणि चालू असलेली इतर औषधे सोबत न्या. रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या, काचबिंदूचे काही थेंब आणि काही वेदनाशामके दमा वाढवू शकतात. डॉक्टर विचारतील याची वाट न पाहता स्वतःहून दाखवा. मग पुढील गोष्टी विचारून लिहून घ्या.

१. रोज घ्यायचे औषध कोणते, आणि त्रास झाला तरच घ्यायचे कोणते?
२. आकडा ८० टक्क्यांच्या खाली आला तर मी स्वतः काय बदलायचे, आणि किती दिवस?
३. कोणत्या स्थितीत तुम्हाला फोन करायचा आणि कोणत्या स्थितीत थेट रुग्णालय गाठायचे?
४. व्यायामापूर्वी काही घ्यायचे का?
५. फ्लूची लस कधी घ्यायची? आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते, त्यामुळे पावसाळ्यापूर्वीची वेळ सोयीची. ती चुकली असेल तर आता काय करायचे, हेही विचारा.

ही उत्तरे एका कागदावर, डॉक्टरांच्या सहीसह, फ्रिजवर चिकटलेली असावीत. रात्री दोन वाजता कोणाच्याही स्मरणशक्तीवर विसंबू नये.

पंपांच्या रंगावरही विसंबू नका. आराम देणारा पंप निळा असतो असे सांगितले जाते आणि ते बहुधा खरेही असते, पण कंपनी बदलली की रंग बदलू शकतो, म्हणून औषधाचे नाव वाचा. साल्ब्युटामोल हे लगेच आराम देणारे औषध आहे. ब्युडेसोनाइड आणि फॉर्मोटेरॉल यांचा एकत्रित पंप काही रुग्णांना रोजच्यासाठीही आणि तातडीच्या आरामासाठीही दिला जातो. साल्मेटेरॉल असलेला एकत्रित पंप मात्र झटक्याच्या वेळी उपयोगाचा नाही, कारण ते औषध सावकाश काम सुरू करते.

इशारा: नुसत्या साल्ब्युटामोलवर हिवाळा काढू नका. त्याने आवळलेले स्नायू काही तासांपुरते सैल होतात. दाह जसाच्या तसा राहतो. दम्याविषयी जगभर मानल्या जाणाऱ्या ‘जिना’ या मार्गदर्शक तत्त्वांनी २०१९ पासून प्रौढ आणि किशोरवयीन रुग्णांना केवळ साल्ब्युटामोलसारख्या औषधावर ठेवू नये असेच म्हटले आहे.

‘पंपाची सवय लागते’ हा समज आमच्याही घरात एका पिढीने जपला आणि त्यापायी आजोबांनी बरेच हिवाळे उशीला टेकून बसून काढले. श्वासावाटे घेतलेली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते आणि हवी तेथेच पोहोचते. वारंवार झटके येऊन पोटात घ्याव्या लागणाऱ्या स्टिरॉइडच्या गोळ्यांचे दुष्परिणाम त्याहून कितीतरी जास्त असतात.

## टप्पा ३: पंप घेण्याची पद्धत तपासणे

औषध बदलण्याआधी पद्धत तपासा. वर्षानुवर्षे पंप वापरणारे लोकही चुकतात, आणि ‘औषध लागू पडत नाही’ या तक्रारीच्या मुळाशी पुष्कळदा हेच असते.

दाबायचा पंप, स्पेसरसह (स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये जोडायची पोकळ प्लास्टिकची नळी)

१. टोपण काढा, तोंडीत काही अडकले नाही ना ते पाहा आणि पंप चांगला हलवा. नवा पंप असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल, तर पत्रकात सांगितल्याप्रमाणे आधी काही फवारे हवेत सोडा.
२. पंप स्पेसरला जोडा आणि सावकाश पूर्ण श्वास सोडा.
३. तोंडी ओठांत घट्ट धरा, पंप एकदाच दाबा आणि लगेच सावकाश, खोल श्वास आत घ्या.
४. दहा सेकंद किंवा जमेल तितका वेळ श्वास रोखा. लहान मुलांना हे जमत नाही. त्यांना स्पेसरमधूनच पाच-सहा नेहमीचे श्वास घेऊ द्या.
५. दुसरा फवारा हवा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून पहिल्यापासून सुरू करा. दोन फवारे एकदम स्पेसरमध्ये सोडल्यास बरेचसे औषध स्पेसरच्या भिंतींनाच चिकटते.
६. स्टिरॉइडचा पंप असेल तर शेवटी चूळ भरून, गुळण्या करून पाणी थुंका. अन्यथा तोंडात पांढरी बुरशी येते, आवाज बसतो आणि दोष औषधाला जातो.

कॅप्सूल घालून ओढायचे उपकरण

येथे नियम उलटा आहे. दाबायच्या पंपात श्वास सावकाश, तर भुकटीच्या उपकरणात जोरात आणि खोल, कारण भुकटी उडवण्याचे काम तुमचा श्वासच करतो. एका घरात दोन्ही प्रकार असले की पद्धतींची अदलाबदल ठरलेली. उपकरणात फुंकर मारू नका. तोंडातील ओलाव्याने भुकटीचे गोळे होतात. कॅप्सूल ऐन वेळीच वेष्टनातून काढा, विशेषतः कोकणात आणि पावसाळ्यात. आणि ज्येष्ठांना एकदा स्पष्टच विचारा, कारण ही कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारे लोक खरोखरच असतात.

थंडी आणि उन्हाचा पंपावर होणारा परिणाम. दाबायच्या पंपात दाबाखाली भरलेला वायू असतो. पंप फार गार पडला की दाब उतरतो आणि फवाऱ्यातून कमी औषध येते. म्हणून थंडीत तो बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात किंवा दुचाकीच्या डिकीत न ठेवता आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवा. गार झालाच तर तळहातात धरून ऊब द्या. त्याला चुलीजवळ किंवा गरम पाण्यात मात्र कधीही धरू नका. उन्हाळ्यात बंद गाडीत राहिलेला पंप फुटू शकतो.

तपासणी: पंपावरील आकडा किती आहे? १२० फवाऱ्यांचा पंप रोज दोन वेळा दोन-दोन फवारे याप्रमाणे तीसच दिवस पुरतो. आकडा दाखवणारी खिडकी नसेल, तर सुरू केल्याची आणि संपण्याची तारीख पंपावर पेनाने लिहा. पाण्यात तरंगतो का ते पाहणे किंवा कानाशी हलवून अंदाज घेणे फसवे आहे. औषध संपल्यावरही वायू उरतो आणि फवारा उडतच राहतो.

स्पेसर महिन्यातून एकदा भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून ठेवा आणि न पुसता हवेवर वाळू द्या. फडक्याने घासल्यास प्लास्टिकवर स्थिर विद्युतभार येतो आणि औषध आतल्या बाजूला चिकटते.

## टप्पा ४: घर (पहिली थंडी पडण्यापूर्वी)

पेटीतून काढलेली गोधडी ही महाराष्ट्रातील हिवाळी दम्याची, माझ्या मते, सर्वांत दुर्लक्षित सुरुवात आहे. वर्षभर बंद राहिलेल्या गोधड्या, रजया आणि स्वेटर यांत धुळीतील सूक्ष्म कीटकांचा अंश असतो आणि डांबराच्या गोळ्यांचा उग्र वासही असतो. थंडी अचानक पडली म्हणून रात्री पेटी उघडून तीच रजई अंगावर घेतली, की सकाळच्या घरघरीचे खापर गारठ्यावर फुटते.

१. अंथरुणे-पांघरुणे ऑक्टोबरातच काढा. धुता येतील ती ५५-६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा; जी धुता येत नाहीत त्यांना कडक ऊन दाखवून घराबाहेर झटका. हे काम रुग्णाने स्वतः करू नये.
२. गोधडीला धुता येण्याजोगी सुती खोळ घाला आणि ती आठवड्याला बदला.
३. धुराचे मार्ग एकेक करून बंद करा. अंगणातला पाण्याचा बंब, शेकोटी, डासांची कॉइल, धूप, उदबत्ती. थंडीत खिडक्या बंद असल्याने कॉइलचा धूर रात्रभर खोलीतच राहतो. त्याऐवजी मच्छरदाणी लावा.
४. बाळंतिणीच्या खोलीतील शेगडी आणि धुरी हा नाजूक विषय आहे, पण दमा असलेल्या आईला आणि तान्ह्या बाळाला तो धूर घातकच. ऊब हवी असेल तर कपड्यांचे थर वाढवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवल्याने जीव गुदमरून मृत्यू होऊ शकतो, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आदराने पण ठामपणे सांगा.
५. दुपारी ऊन वर आले की खिडक्या तासभर उघडा. भिंतीला ओल किंवा बुरशी असेल तर ती रंगाखाली झाकू नका, गळती शोधा.

## टप्पा ५: थंडीतला रोजचा क्रम

उठल्याबरोबर दाराबाहेर पडू नका. आधी पीक फ्लो मोजा, मग रोजचे औषध घ्या, गुळण्या करा आणि थोडा वेळ घरातच हालचाल करा. फिरायला किंवा पळायला जाण्याची वेळ आठ-साडेआठनंतरची ठेवा, म्हणजे उन्हाने जमिनीलगतची कोंडलेली हवा हलू लागलेली असेल. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ अ‍ॅपवर आपल्या शहराचा हवेचा निर्देशांक पाहा. तो २०० च्या वर असेल त्या दिवशी व्यायाम घरातच करा.

व्यायाम पूर्ण बंद करणे ही टोकाची आणि फार सामान्य चूक आहे. दहा-पंधरा मिनिटे हळूहळू वेग वाढवत शरीर तापवले, मध्ये थोडी विश्रांती घेतली आणि मग पळायला सुरुवात केली, तर पुष्कळांच्या श्वासनलिका पुढील तास-दोन तास कमी चिडतात. डॉक्टरांनी व्यायामापूर्वीचा फवारा सांगितला असेल तर तो दहा-पंधरा मिनिटे आधी घ्या. छाती बहुधा पळत असताना भरत नाही. पळणे थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी भरते, त्यामुळे शाळेच्या मैदानावर मूल ठीक दिसते आणि वर्गात बसल्यावर खोकू लागते. हे शिक्षकांना सांगून ठेवा.

बाहेर पडताना नाक आणि तोंड दोन्ही झाकले जातील असा मफलर किंवा ओढणी घ्या. उच्छ्वासातील ऊब आणि ओलावा कापडात राहतो आणि पुढच्या श्वासाबरोबर परत मिळतो. नुसते कान बांधून नाक उघडे ठेवणारी माकडटोपी दम्याच्या कामाची नाही. दुचाकीस्वारांनी हेल्मेटची काच खाली ठेवावी आणि मफलर ओला झाला की बदलावा.

रब्बीच्या पिकाला रात्रीच्या विजेवर पाणी द्यायला जाणाऱ्या शेतकऱ्यांची अडचण वेगळी आहे: वेळ त्यांच्या हातात नसते. ज्याला दमा आहे त्याने जाण्यापूर्वी औषध घेतलेलेच असावे, पंप आतल्या खिशात असावा, नाक झाकलेले असावे, आणि बांधावर ऊब घ्यायला पालापाचोळा पेटवलाच तर धूर आपल्याकडे येणार नाही अशा बाजूला बसावे. एकट्याने जाऊ नये, हे सांगणे सोपे आणि पाळणे कठीण. निदान फोन चार्ज केलेला असावा.

केळी, दही आणि ताक हिवाळ्यात सरसकट बंद करण्याचे कारण नाही. एखाद्या पदार्थाने तुम्हाला त्रास होतो असे वाटत असेल, तर नोंदवहीत लिहा आणि तीन वेळा तेच घडले तर डॉक्टरांना दाखवा.

## टप्पा ६: सर्दी झाली त्या दिवसापासून

दम्याचे मोठे झटके नुसत्या थंडीपेक्षा सर्दीच्या विषाणूंनी अधिक येतात, आणि थंडीत लोक बंद खोल्यांत जवळजवळ बसत असल्याने दोन्ही कारणे एकत्र येतात. म्हणून नाक वाहू लागले की त्याच दिवशी नोंदवही उघडा, पीक फ्लो दिवसातून तीनदा घ्या आणि लेखी आराखड्यातील ‘सावध’ विभागाप्रमाणे वागा. छाती वाजायची वाट पाहू नका.

नेहमीच्या चुका. रोजचा पंप ‘आता कफ झाला आहे, नंतर घेऊ’ म्हणून थांबवला जातो. नेमका आता तो हवा असतो. वाफेने नाक थोडे मोकळे वाटते, पण दम्याचा दाह कमी होत नाही आणि उकळत्या पाण्याने भाजलेली मुले प्रत्येक हिवाळ्यात दिसतात. अंगदुखीसाठी अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेतल्याने काही रुग्णांना तीव्र झटका येतो; पूर्वी असे झाले असेल तर ती गोळी घरातच ठेवू नका. प्रतिजैविके विषाणूंवर चालत नाहीत, त्यामुळे मागच्या खेपेची उरलेली पट्टी संपवण्यात अर्थ नाही.

## टप्पा ७: झटका आला तर

१. रुग्णाला ताठ बसवा. आडवे करू नका, भोवती गर्दी करू नका, गळ्याजवळचे कपडे सैल करा.
२. साल्ब्युटामोलचा एक फवारा स्पेसरमध्ये सोडा आणि त्यातून चार श्वास घेऊ द्या. असे एकामागून एक चार फवारे द्या.
३. चार मिनिटे थांबा. आराम नसेल तर पुन्हा चार द्या.
४. तरीही आराम नसेल तर १०८ ला फोन करा किंवा वाहनाने निघा आणि वाटेतही हेच चालू ठेवा.

डॉक्टरांनी तुमच्यासाठी वेगळा क्रम लिहून दिला असेल तर तोच पाळा.

लगेच रुग्णालय: एक वाक्य एका श्वासात पुरे होत नाही, ओठ निळसर दिसतात, मुलाच्या बरगड्यांमधील कातडी श्वासागणिक आत ओढली जाते, रुग्ण गुंगीत जातो, किंवा पीक फ्लो निम्म्याच्या खाली आला आहे. घरघर अचानक थांबली आणि रुग्ण थकलेलाच दिसत असेल तर ते सुधारणेचे चिन्ह समजू नका. आवाज व्हायलाही हवा आत-बाहेर जावी लागते.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ९२ पेक्षा कमी आकडा म्हणजे धोका. परंतु गार पडलेल्या बोटावर, नेलपॉलिशवर किंवा गडद मेंदीवर हे यंत्र चुकीचे वाचते. बोट चोळून गरम करा, दुसऱ्या बोटावर पाहा, आणि आकडा चांगला असला तरी रुग्ण वाईट दिसत असेल तर रुग्णावर विश्वास ठेवा.

घरी नेब्युलायझर (औषधाचे तुषार करून देणारे यंत्र) असणे हे थांबण्याचे कारण होऊ नये. तासाभरात दुसऱ्यांदा लावावा लागला, तर तिसरी खेप रुग्णालयातच.

## उन्हाळा आणि पावसाळ्यासाठी थोडेसे

उष्ण हवा सुरक्षित असते असे नाही. उष्ण, दमट हवेने श्वासनलिकांतील संवेदनशील मज्जातंतू चेतवले जाऊन काहींची छाती भरते. मुंबईची मे महिन्यातली दुपार काही रुग्णांना डिसेंबरपेक्षा जड जाते. नागपुरात ४४-४५ अंशांतून येऊन एकदम १८ अंशांच्या एसी खोलीत शिरणे, हा डिसेंबरातल्या पुण्याहूनही मोठा फरक आहे आणि तो काही सेकंदांत घडतो. देशात विकल्या जाणाऱ्या स्टार मानांकित एसींचे मूळ तापमान २०२० पासून २४ अंशांवर ठेवणे बंधनकारक आहे. ते खाली आणू नका, हवेचा झोत थेट तोंडावर घेऊ नका आणि जाळी दर पंधरवड्याला धुवा. कूलरची टाकी आठवड्याला रिकामी करून घासा, मोसम संपल्यावर गवताचे पॅड फेकून द्या आणि कूलर उघड्या खिडकीतच चालवा.

वळवाच्या पावसाआधी सुटणारा गार वारा धूळ आणि परागकण घेऊन येतो. मेलबर्नमध्ये २१ नोव्हेंबर २०१६ रोजी अशाच वादळानंतर हजारो लोकांना श्वासाचा त्रास होऊन १० जणांचा मृत्यू झाला. त्यांत गवताच्या परागांची अ‍ॅलर्जी असलेले लोक पुष्कळ होते. आभाळ भरून वारा सुटला की खिडक्या लावून घ्या आणि पाऊस स्थिरावल्यावर उघडा.

टोरांटो किंवा शिकागोला मुलांकडे हिवाळ्यात जाणाऱ्या आई-वडिलांनी दोन महिन्यांचे औषध, चिठ्ठी आणि स्पेसर हातातल्या सामानात न्यावे. तेथे बाहेर उणे १५ अंश असतात आणि घरात हीटरमुळे हवा अतिशय कोरडी असते, त्यामुळे रात्री नाक सुकून तोंडाने श्वास सुरू होतो. झोपण्यापूर्वी नाकात मिठाच्या पाण्याचा फवारा उपयोगी पडतो. खोलीतील आर्द्रता मात्र ५० टक्क्यांच्या वर नेऊ नका, कारण त्यापुढे धुळीतील कीटक आणि बुरशी वाढू लागतात.

## फेब्रुवारी-मार्च: औषध कमी करण्यापूर्वी

थंडी सरली, बरे वाटू लागले म्हणून होळीच्या सुमारास पंप आपणहून बंद करणारे लोकच बहुधा पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा पहिल्या परिच्छेदातल्या उलट्या क्रमात सापडतात. सुमारे तीन महिने दमा ताब्यात राहिला असेल तर डॉक्टर मात्रा पायरीपायरीने कमी करतात. त्या काळात पीक फ्लोची नोंद पुन्हा दोन आठवडे ठेवा आणि आकडा ८० टक्क्यांच्या खाली उतरला तर आधीच्या पायरीवर परत जाण्याबद्दल डॉक्टरांना लगेच विचारा. गोधड्या धुऊन, पूर्ण वाळवून, डांबराच्या गोळ्या न घालता बंद पिशवीत ठेवा. पंपाची मुदत कधी संपते ते पाहा आणि कॅलेंडरवर २५ सप्टेंबरच्या चौकोनात ‘पीक फ्लो सुरू’ असे आजच लिहून ठेवा.